दुसरं युनिट कुठे टाकू? शाळा, दवाखाना, बस यांचा कारखान्याच्या जागेशी खरंच संबंध असतो का?

लेथवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत वडिलांनी उभं केलेलं मशीनिंगचं युनिट आता मी सांभाळतो. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट, हाउसिंग, बुश असं आमचं काम. ऑर्डर आहेत, जागा नाही. दोन मशीनच्या मधून ट्रॉली निघत नाही अशी अवस्था आहे. म्हणून चाळीस-पंचेचाळीस माणसांचं दुसरं युनिट टाकायच्या तयारीला लागलो आहे.

तीन जागा समोर आहेत. बुटीबोरीत एक तयार शेड विकाऊ आहे. कळमेश्वरला प्लॉट आहे. तिसरी जागा मध्य प्रदेशात, सौंसरजवळ बोरगावला. जमीन, वीज, मालभाडं, पाणी, सवलती, सगळं मांडून पाहिलं तर बोरगाव पुढे जातं. फार नाही, पण जातं.

अडचण अशी झाली की शॉपमध्ये विषय काढला तर आमचा सगळ्यात जुना सेटर, म्हणजे प्रत्येक जॉबसाठी मशीन लावून देणारा माणूस, ज्याच्या हाताखाली निम्मे ऑपरेटर तयार झाले, तो सरळ म्हणाला, "दादा, पोरगी दहावीत आहे. तिकडे माझं जमणार नाही." तपासणीला दोन मुली आहेत, मापात दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांचंही तेच. एकीने तर बुटीबोरीलाही नाही म्हटलं. दुसरी पाळी सुटल्यावर घरी कशी येणार, हा तिचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता हे मी तक्त्यात कुठे लिहू? शाळा, दवाखाना, बस, भाड्याची खोली, बाजार यावर कारखान्याची जागा ठरते का? पुण्याचा माझा मित्र म्हणतो, हे सगळे आयटीवाल्यांचे चोचले आहेत, लेथला बगीचा लागत नाही. ज्यांनी स्वतः कारखाना हलवला आहे किंवा हलवलेल्या कारखान्यात नोकरी केली आहे, त्यांनी कृपया सांगा.

मालभाडं

लेथवाला भाऊ, मी कॉस्टिंगचं, म्हणजे उत्पादनाच्या खर्चाच्या हिशोबाचं काम करतो, त्या बाजूने सांगतो.

कारखान्याच्या जागेचं मूळ गणित वजनाचं आहे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १९०९ सालीच ते मांडून ठेवलं: प्रक्रियेत ज्या मालाचं वजन घटतं, तो उद्योग कच्च्या मालाच्या दिशेने ओढला जातो. आपल्याकडचे सिमेंट कारखाने पाहा. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस, जिथे चुनखडी तिथे ते गेले. कॉलनी, शाळा, दवाखाना मागाहून आला. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं कोळसा आणि पाणी पाहून बसली. भिलाईचं पोलाद राजहऱ्याच्या खनिजाला धरून उभं राहिलं. यातल्या कोणीही आधी गावातली शाळा पाहिली नाही.

तुमचा ग्राहक हिंगण्यात असेल, तर मालभाडं तिन्ही जागांना झेपण्यासारखं आहे. वीज मात्र नीट तपासा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत दिली गेली, ती आज किती लागू आहे ते पाहूनच तुलना करा. आणि बोरगावची सवलत जितकी वर्षं आहे, त्याच्या पुढच्या वर्षाचा एक वेगळा तक्ता करा. बरेच लोक हा दुसरा तक्ता करतच नाहीत.

माणसांचं म्हणाल तर माणसं पगारावर येतात. दहा टक्के जास्त द्या, येतील.

वर्धारोड

मालभाडं साहेबांचं वजनाचं गणित मला पूर्ण मान्य आहे. शेवटच्या दोन वाक्यांवर मात्र थांबावंसं वाटलं, कारण माझी सगळी नोकरी त्याच दोन वाक्यांभोवती गेली आहे. मी कारखान्याच्या एचआर आणि अ‍ॅडमिनमध्ये आहे. आधी बरीच वर्षं चाकणला होते, आता बुटीबोरीला. थोडं लांबेल, पण वाचा.

जमीन, वीज, पाणी, रस्ता यांनी यादी तयार होते. ज्या जागेचं गणित बसत नाही ती यादीतून जाते, तिथे शाळा कितीही चांगली असो. पण यादीत उरलेल्या दोन-तीन जागांमधला फरक बहुधा थोडा असतो. लेथवाला भाऊंनी स्वतःच लिहिलंय, "फार नाही, पण जातं." तिथून पुढे माणसांचा प्रश्न सुरू होतो. तो किती मोठा, हे तुम्ही काय बनवता यावर आहे. सिमेंटची भट्टी चुनखडीला बांधलेली असते. मायक्रॉनमधलं काम माणसाच्या हाताला आणि नजरेला बांधलेलं असतं. तुमचं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंगचं मशीन, तुम्ही ट्रेलरवर टाकून सौंसरला न्याल. सेटर ट्रेलरवर चढत नाही.

"सोयी" म्हटलं की आपण सगळ्यांसाठी एकच यादी करतो, आणि तिथेच गल्लत होते. प्लांट हेडला इंग्रजी शाळा आणि विमानतळ हवा. तो माणूस तसाही नागपुरात राहून गाडीने येतो-जातो, त्याच्यासाठी बुटीबोरी काय आणि कळमेश्वर काय, फरक अर्ध्या तासाचा. ऑपरेटरला खोली, मेस, पाण्याचा नळ आणि ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, दवाखाना हवा. ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे, म्हणजे तुमच्याकडची बरीच मंडळी त्यात येतील. त्यांच्यासाठी "आरोग्यसुविधा" म्हणजे मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटल नव्हे, ईएसआयचं कार्ड चालेल असं जवळचं ठिकाण. मधल्या फळीला, म्हणजे सेटर, मेंटेनन्सचा इंजिनिअर, टूलरूमचा माणूस, क्वालिटी इनचार्ज, यांना मुलांची शाळा, बायकोची नोकरी आणि आईवडिलांचा डॉक्टर हवा. कारखाना या मधल्या फळीवर चालतो आणि सगळ्यात कमी हलते तीही हीच फळी. तुमच्या सेटरचं "जमणार नाही" हे हट्टाचं बोलणं नाही. दहावीच्या वर्षात मुलीची शाळा कोण बदलेल?

आता त्या तपासणीच्या मुलीबद्दल. आमच्याकडे दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. तुम्ही एकदा अकराला येऊन कुठल्याही गेटसमोर उभे राहा. पंच करून बायका बाहेर येतात तेव्हा हायमास्टच्या उजेडात मोटरसायकलींची रांग लागलेली असते. कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ, कोणाचे वडील. काही जण हँडलवर डोकं टेकून झोपलेले असतात, कारण त्यांना सकाळी स्वतःची पाळी असते. कंपनीची बस हायवेवर सोडते, तिथून वस्तीपर्यंतचं शेवटचं दीड-दोन किलोमीटर हेच लोक नेतात. आमच्याकडे असेंब्लीला एक मुलगी होती, हाताला विलक्षण चपळ. तिला घ्यायला वडील यायचे. त्यांना दुसरीकडे रात्रपाळीची चौकीदारी मिळाली आणि महिन्याभरात तिने राजीनामा दिला. पगारवाढ देऊन पाहिली, तिने हात जोडले. तिला पैसे कमी पडत नव्हते, सोबत कमी पडत होती. पुढे आम्ही बसचा मार्ग वळवून वस्तीच्या चौकापर्यंत नेला. त्या भागातून सोडून जाणाऱ्या बायकांचं प्रमाण उतरलं ते मी माझ्या रजिस्टरमध्ये पाहिलं आहे.

म्हणून "दहा टक्के जास्त द्या" हे अर्धंच खरं आहे. अर्थशास्त्रात याच्या उलट बाजूचं गणित मांडलेलं आहे. जेनिफर रोबॅक यांनी १९८२ साली दाखवलं की राहायला चांगल्या गावात लोक थोड्या कमी पगारावर आणि थोड्या जास्त घरभाड्यावरही राहतात. म्हणजे गावाच्या सोयींचा काही भाग मालकाच्या पगारखर्चात बचत म्हणून दिसतो. आणि जिथे सोयी नाहीत तिथे तोच भाग तुम्हाला दर महिन्याला पगारातून भरावा लागतो. मालभाडं साहेबांचे दहा टक्के तेच आहेत.

नागपूरच्या बाबतीत हे मी मुलाखतीच्या टेबलावर रोज पाहते. चाकण, रांजणगावला आठ-दहा वर्षं काढलेला आपल्याकडचा इंजिनिअर पस्तिशीला आला की परत यायला बघतो. इथे घरी आईवडील एकटेच, वडिलांना शुगर, धाकट्या बहिणीचं लग्न झालेलं. त्याची पत्नी शिक्षिका किंवा बँकेत. तो पगाराच्या आधी विचारतो, प्लांट वर्धा रोडला, म्हणजे बुटीबोरीच्या बाजूला आहे, की हिंगण्याला? कारण घर मनीषनगर, बेसा, बेलतरोडी भागात घ्यायचं डोक्यात असतं. पुण्याच्या तुलनेत तो कमी पगार घेतो आणि मन लावून काम करतो. या माणसाला नागपुरातच राहायचं आहे. त्याच्या घरापासून रोज जाऊन येता येईल तेवढ्या वर्तुळात तुमचा कारखाना असेल तर तो तुमचा, नाहीतर दुसऱ्याचा. वर्धा रोडला मिहानमध्ये एम्स झालं, जामठ्याला कॅन्सरचं हॉस्पिटल झालं, बुटीबोरीजवळ वारंग्याला ट्रिपल आयटी झालं. या गोष्टी कुणी लेथसाठी बांधल्या नाहीत, पण फायदा लेथवाल्यालाही होतो. बोरगावहून हाच माणूस रोज साठ-पासष्ट किलोमीटर एका बाजूने जाईल? पहिले सहा महिने जाईल.

पुण्याच्या मित्राला आपल्या नागपूरचीच एक गोष्ट सांगा. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला इथे सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का? कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे आलेली, आणि पाणी जुम्मा तलावाचं, ज्याला आपण आज गांधीसागर म्हणतो. म्हणजे जागेची निवड वेबरच्याच गणिताने, वेबरच्या आधी. पण मिल सुरू झाल्यावर त्यांना भेडसावलं ते हजेरीने. लोक कामाला नियमित येत नसत. तेव्हा दंड वाढवण्याऐवजी त्यांनी बक्षिसं सुरू केली, १८८६ साली पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तुटू नये आणि माणसालाही श्वास घेता यावा म्हणून खात्यात ओलावा राखणारी यंत्रं बसवली. पुढे पोलादाच्या कारखान्याची जागा नक्की व्हायच्या कितीतरी आधी, १९०२ साली, मुलाला पत्र लिहून कळवलं की रस्ते रुंद ठेव, त्यांच्या कडेला सावलीची झाडं लाव, हॉकी-फुटबॉलची मैदानं राख, मंदिर, मशीद, चर्च यांना जागा सोड. खनिज आणि कोळशाने साकची गाव, म्हणजे आजचं जमशेदपूर, निवडलं. तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली ती त्या पत्रातल्या गोष्टींमुळे. ज्या माणसाने हे लिहिलं त्याने आपल्या नागपुरात पंचवीस वर्षं मिल चालवून हे शिकून घेतलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आजचं उदाहरण हवं असेल तर तामिळनाडूचं घ्या. श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगलला तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये महिला कामगारांसाठी १८,७२० जणींची राहण्याची इमारत सुरू केली. मोबाईल जोडणाऱ्या कारखान्यांना बायका हव्यात, आणि बायकांना राहायला सुरक्षित जागा हवी. तिथल्या सरकारने वसतिगृहाला रस्ता-विजेइतकंच औद्योगिक सोयींमध्ये धरलं. आपल्याकडे एमआयडीसी म्हटलं की अजून रस्ता, पाणी, वीज, नाली एवढ्यावरच बोलणं संपतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मालभाडं

ताई, एम्प्रेस मिलचं माहीत होतं, या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. पण एक विचारतो. सवलत ही मिळकत आहे, बस हा खर्च आहे. पंचेचाळीस माणसांचं युनिट टाटा नाही. एवढ्या छोट्या कारखान्याने गावाच्या उणिवा स्वतःच्या खिशातून किती भरायच्या?

टाकळघाटची_खोली

मी या ग्रुपवर कधी लिहीत नाही, नुसतं वाचतो. पण हे आमचंच चाललंय म्हणून लिहून राहिलो. मी भंडारा जिल्ह्यातला, आयटीआय झालो, बुटीबोरीत सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या मशीनवर आहे. टाकळघाटला एका खोलीत आमी चौघं राहतो, दोघं दिवसपाळीचे, दोघं रात्रपाळीचे. म्हणजे गाद्या दोनच पुरतात.

दादा, तुमी शाळा-हॉस्पिटलचं पाहून राहिले ते बरोबर आहे, पण आमच्यासारख्या एकट्या पोराचं पहिलं पोटाचं पाहा. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे पगार इथल्यापेक्षा जास्त होता. पण तिकडे रात्रपाळी सुटल्यावर सकाळी काहीच भेटत नव्हतं, मेसवाला दहाला चूल पेटवायचा. रात्रभर उभं राहून सकाळी उपाशी झोपायचं. दुपारी ऊन इतकं की पत्र्याच्या खोलीत झोप येत नाही. मे महिन्यात तर खोलीपेक्षा कंपनीत बरं वाटायचं. आमच्या गावचे पाच जण होतो, एकामागून एक सोडून आलो. इकडे मेस सहाला चालू होते, पोहे-चहा भेटतो. तुमी म्हणाल एवढ्यासाठी नोकरी सोडली का, तर हो, सोडली.

दुसरं, सुट्टी. आमी महिन्यातून एकदा गावाला जातो. बुटीबोरीहून नागपूर आणि तिथून भंडाऱ्याची गाडी भेटते, संध्याकाळी निघालं तर रात्री घरी. धानाच्या कापणीत चार दिवस मागतो. ज्या मालकाने ते चार दिवस दिले त्याच्याकडे आमी टिकतो. तिकडे दूर असतो तर जाणं-येणं मिळून दोन दिवस जातील, मंग कोण परत येते?

लेथवाला_हिंगणा

टाकळघाटच्या भावा, तू लिहिलंस ते फार कामाचं आहे. सकाळी लवकर नाश्ता हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

वर्धारोड ताई, मालभाडं साहेबांचा प्रश्न माझाही आहे. बस मी किती लांबपर्यंत चालवू? आणि हे सगळं रुपयात कसं मांडू? बँकेला तक्ता द्यावा लागतो, तिथे "सेटरची मुलगी दहावीत" असं लिहिता येत नाही. कळमेश्वरबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

वर्धारोड

रुपयात मांडता येतं, आणि बँकेलाही समजतं. तुमच्या सेटरच्या जागी नवा माणूस घेतला तर तो तुमच्या जॉबवर हात बसवायला किती महिने घेईल ते तुम्हालाच ठाऊक. त्या महिन्यांतलं वाढीव रिजेक्शन (तपासणीत बाद होणारा माल), सेटिंगला लागणारा जादा वेळ, त्या वेळात उभं राहिलेलं मशीन आणि त्याचा हप्ता, हे जोडा. वर्षाला किती टक्के माणसं सोडतील याचा अंदाज प्रत्येक जागेसाठी वेगळा धरा. हिंगण्याचं तुमचं स्वतःचं रजिस्टर आहे, तिथून सुरुवात करा. या सगळ्याला "मनुष्यबळ बदलाचा खर्च" असं नाव द्या आणि विजेच्या खाली ओळ टाका. बोरगावची आघाडी या एका ओळीत किती उरते ते पाहा. उरली, तर खुशाल बोरगावला जा. तिकडे कापडाचा मोठा कारखाना वर्षानुवर्षं चालतो, कारण त्यांनी स्थानिक गावांतली माणसं घेऊन शिकवली. तुम्हालाही तसं करायचं असेल, सौंसर-पांढुर्णा भागातली आयटीआयची पोरं घेऊन दोन वर्षं शिकवायची तयारी असेल, तर ती जागा वाईट नाही. तिकडे मराठी बोलणारी घरंही भरपूर आहेत. पण हिंगण्याची माणसं तिकडे न्यायच्या भरवशावर जाऊ नका.

मालभाडं साहेब, छोट्याने किती भरायचं, हा प्रश्न अगदी रास्त आहे. एकट्याने नाही भरायचं. बुटीबोरीत एकाच रस्त्यावर छोटी युनिट आहेत, पाळ्यांच्या वेळा जवळजवळ सारख्या. तीन-चार मालकांनी मिळून एक बस लावली तर माणशी खर्च एका ओव्हरटाइमच्या तासाइतका येतो, हे मी करून पाहिलेलं आहे. पाळणाघराचंही तेच. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त महिला कामगार असल्या की पाळणाघराची अट घातलेली होती, २५० कामगारांवर कॅन्टीनची. पंचेचाळीस माणसांचं युनिट त्यात बसत नाही, म्हणून छोट्या मालकांना वाटतं की हा विषयच आपला नाही. पण कायद्याचा आकडा तुमच्या माणसांच्या गरजेचा आकडा नसतो. तुमच्याकडे पाच आया असतील तरी त्या पाच जणींना तान्हं मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न पडतोच. शेजारच्या दोघांना घेऊन एक खोली आणि दोन बायका ठेवा.

कळमेश्वर. जागा चांगली, इटारसीच्या लाइनवर रेल्वे स्टेशन, काटोल रोडने शहरात यायला सोपं. काटोल, गोरेवाडा, दाभा भागातली माणसं तिथे आनंदाने येतील. पण तुमची माणसं त्या भागातली आहेत का? हिंगणा एमआयडीसीतले कामगार बहुतेक निलडोह, डिगडोह, इसासनी, वानाडोंगरी, जयताळा, त्रिमूर्तीनगर असे पसरलेले असतात. त्यांच्यासाठी बुटीबोरीला जायचा रस्ता आउटर रिंग रोडने जामठ्याला निघून पुढे वर्धा रोड असा आहे, शहरात शिरावं लागत नाही. कळमेश्वरलाही रिंग रोडने फिरून जाता येतं, पण तिथून पुढे त्यांच्या बायकांच्या नोकऱ्या, मुलांच्या शाळा, सगळं उलट्या दिशेला राहतं.

म्हणून जागा ठरवायच्या आधी एक काम करा. पगारपत्रकातून सगळ्यांचे पत्ते काढा आणि नागपूरच्या नकाशावर एकेक टिंब लावा. मुलांच्या शाळा कुठे, घरात आजारी कोण, बायको कामाला जाते का, हे त्यांना जेवणाच्या सुट्टीत बसून विचारा. फॉर्म वाटू नका, फॉर्मवर लोक "काही अडचण नाही" लिहितात. तुमच्या तपासणीच्या मुलींशी बोलताना एखादी वयाने मोठी बाई सोबत ठेवा, म्हणजे त्या मोकळं बोलतील.

मेट्रोबद्दल कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. दुसऱ्या टप्प्यात मिहानहून बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत आणि लोकमान्य नगरहून हिंगण्यापर्यंत मार्गिका मंजूर आहेत. केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ ची, टप्पा ४३.८ किलोमीटरचा. झाली की दोन्ही वसाहतींचं चित्र पालटेल. पण तुमच्या तक्त्यात ती आज धरू नका. गाडी रुळावर धावायला लागली की धरा. आणि धावली तरी रात्री अकराच्या पाळीला शेवटची गाडी किती वाजता, हे वेळापत्रक पाहूनच बसचा करार संपवा.

मालभाडं

बदलाच्या खर्चाची ओळ मी माझ्या नमुन्यात टाकून घेतो, ताई. पंचवीस वर्षं कॉस्टिंग करतोय, रिजेक्शन नेहमी मशीनच्या नावावर टाकत आलो आहे. लेथवाला भाऊ, तुमचे आकडे पाठवले तर दोन्ही तक्ते मी करून देईन, सवलतीच्या आतला आणि नंतरचा.

लेथवाला_हिंगणा

आकडे पाठवतो, साहेब. आभार.

जेवणाच्या सुट्टीत बसलो सगळ्यांबरोबर. टिंबं लावली. अर्ध्याहून जास्त माणसं डिगडोह, निलडोह आणि इसासनीची निघाली, जयताळ्याची बरीच, काटोल रोडची फक्त तिघं. म्हणजे कळमेश्वर गेलंच. सेटर काका म्हणाले, मुलीची परीक्षा झाली की बुटीबोरीला येतो, तोवर त्यांच्या हाताखालच्या मुलाला तिकडच्या मशीन लावायला पाठवतो आणि स्वतः आठवड्यातून दोनदा बघून येतो. मला हे त्यांनीच सुचवलं.

तपासणीची जी मुलगी बुटीबोरीला नाही म्हणाली होती, तिच्याशी माझी बहीण बोलली. ती म्हणे, पहिली पाळी आणि बस घराच्या चौकापर्यंत, एवढं असेल तर तयार आहे. सीएमएम, म्हणजे मापं तपासायचं मशीन, पहिल्या पाळीतच चालवायचं असं ठरवता येईल, दुसऱ्या पाळीचे जॉब सकाळी तपासले तर डिस्पॅच दुपारी निघेल. ग्राहकाला चालतं का ते विचारतो.

शेडच्या शेजारी दोन युनिट आहेत, एक फॅब्रिकेशनचं, एक प्लास्टिकचं. सोमवारी दोघांकडे बसचा विषय काढायला जाणार आहे. ताई, तुमच्याकडच्या बसवाल्याशी करार कसा केलाय, किलोमीटरवर की महिन्यावर, आणि मागेपुढे झालेल्या पाळीचे पैसे कसे धरता, ते जमल्यास लिहा.

वर्धारोड

महिन्यावर, ठरावीक फेऱ्यांचा. जादा फेरीचा दर आधीच लिहून घ्या, तिथेच भांडणं होतात. ड्रायव्हर कायम एकच असावा अशी अट घाला, बायकांना ओळखीचा चेहरा लागतो. आणि पहिले पंधरा दिवस रात्रीच्या फेरीत तुमच्यापैकी कोणीतरी बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. कुठला दिवा बंद आहे, कुठे कुत्री मागे लागतात, कुठे बस वळत नाही, हे गेटवर उभं राहून कळत नाही. दिव्यांसाठी ग्रामपंचायतीला अर्ज करताना तिन्ही युनिटच्या लेटरहेडवर एकत्र करा.